नानावटी खटला: आठ विरुद्ध एक या कौलानंतर काय घडले

मुंबईतल्या नानावटी खटल्याची हकिकत साठ वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे आणि ती बहुधा एकाच ठरावीक पद्धतीने सांगितली जाते. पत्नीच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांनी पेटून उठलेल्या नौदल अधिकाऱ्याने त्या पुरुषाला गोळ्या घातल्या, ज्यूरीने (म्हणजे कौल देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) त्याचा संताप रास्त मानून त्याला सोडून दिले, आणि या निकालाने हादरलेल्या सरकारने ज्यूरीची पद्धतच मोडीत काढली, असे आपण ऐकलेले असते. यांपैकी दुसरे विधान कायद्याच्या हिशेबात बसत नाही आणि तिसरे फार तर अर्धे खरे आहे. गोळ्या झाडण्याबद्दलचे पहिले विधानही ‘पेटून उठून’ या दोन शब्दांपाशी अडखळते, कारण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गेला त्यातला मोठा भाग नेमका याच दोन शब्दांविषयी होता. फौजदारी न्यायप्रक्रियेतल्या मूलभूत कल्पना एकाच प्रकरणातून समजून घ्यायच्या असतील, तर या खटल्याइतके सोयीचे प्रकरण शोधून सापडणार नाही. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक, शाबितीचा भार, कबुलीचे पुराव्यातील स्थान, न्यायाधीश आणि ज्यूरी यांच्यातली कामाची वाटणी, आणि शेवटी न्यायालय व राज्यपाल यांच्या अधिकारांची सीमारेषा, हे सगळे या एका प्रकरणात येते.

27 एप्रिल 1959

कमांडर कावस माणेकशा नानावटी हे भारतीय नौदलाच्या ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. पत्नी मूळची इंग्लंडची होती, 1949 साली पोर्ट्समथ येथे त्यांचे लग्न झाले होते आणि त्यांना तीन मुले होती. नौकेबरोबर वरचेवर बाहेर जावे लागत असल्याने नानावटी बराच काळ घरापासून दूर असत. मुंबईत मोटारविक्रीचा व्यवसाय असलेले प्रेम भगवानदास आहुजा यांच्याशी या कुटुंबाची ओळख 1956 साली समाईक स्नेह्यांमार्फत झाली आणि पुढे आहुजा व नानावटींची पत्नी यांच्यात संबंध निर्माण झाले. एप्रिल 1959 मध्ये नानावटी समुद्रावरून परतले तेव्हा पत्नीचे वागणे त्यांना तुटक वाटले. 27 एप्रिलला त्यांनी खोदून विचारल्यावर तिने आपण आहुजांच्या नादी लागल्याचे सांगितले.

यापुढचा घटनाक्रम सावकाश पाहिला पाहिजे, कारण निकाल त्याच्यावर बेतलेला आहे. नानावटींनी पत्नीला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला गाडीने मेट्रो सिनेमापाशी सोडले. तिथून ते आपल्या नौकेवर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी नौकेच्या भांडारातून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आणि रिव्हॉल्व्हर भरून एका तपकिरी पाकिटात ठेवले. मग ते आहुजांच्या कार्यालयात गेले. आहुजा तिथे नव्हते, म्हणून ते त्यांच्या घरी गेले. नोकराने दार उघडले. नानावटी थेट आहुजांच्या निजायच्या खोलीत शिरले आणि त्यांनी आतून दार लावून घेतले. थोड्याच वेळात गोळ्यांचे आवाज झाले. आहुजा नुकतेच आंघोळ करून आले होते आणि त्यांच्या कमरेला फक्त टॉवेल होता. छातीवर, डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात आणि डोक्यावर अशा तीन मुख्य जखमा होऊन ते मरण पावले. नानावटी तिथून निघाले, इमारतीच्या चौकीदाराशी आणि मग नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलशी, म्हणजे नौदलातली शिस्त पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलले, आणि पोलीस उपायुक्तांपुढे जाऊन स्वतःहून हजर झाले.

गोळ्या नानावटींच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या आणि त्यांनीच मृत्यू झाला, याबद्दल वाद नव्हता. बंद खोलीत काय घडले, हे सांगायला मात्र जिवंत माणूस एकच उरला होता, आणि तोच आरोपी होता.

दोन बचाव, आणि त्यांचे दोन वेगळे परिणाम

फौजदारी खटला मृताच्या नातेवाइकांचा नसतो, तो राज्याचा असतो. त्यामुळे आहुजांच्या बहिणीने वकील नेमले तरी (ते होते राम जेठमलानी) त्यांना सरकारी वकिलांना साहाय्य करण्यापुरतेच स्थान होते. खटला चालवण्याची जबाबदारी सरकारी वकील सी. एम. त्रिवेदी यांच्यावर होती. बचावाची बाजू कार्ल खंडालावाला यांनी सांभाळली. बृहन्मुंबईचे सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे नऊ जणांच्या विशेष ज्यूरीसह खटला चालला. दोषारोप दोन कलमांखाली ठेवण्यात आले होते, एक भारतीय दंड संहितेचे कलम 302, म्हणजे खून, आणि दुसरे कलम 304 चा पहिला भाग, म्हणजे खुनाच्या व्याख्येत न बसणारा परंतु ठार मारण्याच्या किंवा प्राणघातक दुखापत करण्याच्या उद्देशाने केलेला सदोष मनुष्यवध.

बचावाची कहाणी अशी होती. नानावटी आहुजांना जाब विचारायला गेले, स्वतःवर गोळी झाडून घ्यावी असे मनात असल्याने त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतले होते. माझ्या पत्नीशी लग्न करून मुलांना सांभाळणार का, असे त्यांनी विचारले. आहुजांनी उर्मट उत्तर दिले. नानावटींनी पाकीट जवळच्या कपाटावर ठेवले होते, ते हिसकावण्यासाठी आहुजा झेपावले, झटापट झाली आणि त्या झटापटीत गोळ्या सुटल्या. हा झाला अपघाताचा बचाव, दंड संहितेच्या कलम 80 चा. त्याला पर्याय म्हणून दुसराही बचाव घेता येण्याजोगा होता आणि पुढे तो घेतलाही गेला: गोळ्या जाणूनबुजून झाडल्या असे क्षणभर धरले, तरी त्या गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात झाडल्या गेल्या, म्हणून कलम 300 च्या पहिल्या अपवादानुसार तो खून ठरत नाही. परस्परांशी न जुळणारे दोन बचाव एकाच आरोपीने मांडण्यात कायद्याला काही वावगे वाटत नाही. आरोपीने एकच सुसंगत गोष्ट सांगितली पाहिजे, असे बंधन त्याच्यावर नसते.

आता या दोन बचावांचा हिशेब पाहा. अपघात सिद्ध झाला, किंवा अपघात असू शकेल असा रास्त संशय राहिला, तर आरोपी पूर्ण सुटतो. प्रक्षोभ सिद्ध झाला तर तो सुटत नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा त्याच्यावर शाबीत होतो, आणि कलम 304 च्या पहिल्या भागाखाली त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेपही होऊ शकते. नानावटी प्रकरणातल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने दोन्ही आरोपांखाली ‘दोषी नाही’ असा कौल दिला. म्हणजे ‘पत्नीच्या बदफैलीने भडकलेल्या नवऱ्याला ज्यूरीने माफ केले’ हे वर्णन ज्यूरीच्या मनातल्या भावनेचे कदाचित असेल, पण त्यांनी दिलेल्या कौलाचे नाही. त्या कौलाचा कायद्याला कळणारा अर्थ एकच होता: आहुजांचा मृत्यू अपघाताने झाला, किंवा निदान तो अपघात नव्हता हे सरकार पक्षाला निःसंशयपणे दाखवता आले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या प्रक्षोभासाठी. कौल मात्र अपघाताचा होता. ज्यूरी आपल्या कौलाची कारणे देत नसल्यामुळे ही फट बुजवण्याचा काही मार्गही नव्हता. न्यायाधीशाचा निकाल वाचून त्यातली चूक बोट ठेवून दाखवता येते, ‘होय’ किंवा ‘नाही’ या उत्तरात बोट ठेवायला जागा नसते.

न्यायाधीश सहमत नसतील तर

इथे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 307 पुढे येते. ज्यूरीच्या बहुमताशी सत्र न्यायाधीश सहमत झाले असते, तर त्यांनी कौलानुसार निकाल नोंदवला असता आणि त्यानंतर अपिलाला फारच अरुंद वाट उरली असती, कारण ज्यूरीपुढे चाललेल्या खटल्यात अपील सामान्यतः कायद्याच्या मुद्द्यावरच होत असे. परंतु न्यायाधीश कौलाशी असहमत असतील आणि न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यक असल्याची त्यांची स्पष्ट धारणा झाली असेल, तर त्यांनी आपल्या मताची कारणे लिहून संपूर्ण प्रकरण उच्च न्यायालयाकडे निर्देशित करावे, अशी तरतूद होती. न्यायाधीश मेहता यांनी तेच केले. पुराव्याचा विचार करता कोणत्याही समंजस माणसांचा समूह असा कौल देऊ शकला नसता, असे त्यांचे मत होते.

याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाकडे सहसा लक्ष जात नाही. प्रकरण निर्देशित करताना न्यायाधीशाने दोषमुक्तीचा किंवा दोषसिद्धीचा कोणताही निकाल नोंदवायचा नाही, असे ते सांगते. त्यामुळे ‘एकदा निर्दोष सुटलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने पुन्हा कसे पकडले’ हा प्रश्न, जो आजही कोणी ना कोणी विचारतो, मुळातच उद्भवत नाही. कायद्याच्या दृष्टीने नानावटींची निर्दोष मुक्तता कधीच झाली नव्हती. ज्यूरीचे मत नोंदले गेले होते आणि खटला अनिर्णित होता.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. राज्याची बाजू यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी मांडली, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. न्यायमूर्ती शेलत यांनी सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना केलेल्या मार्गदर्शनात चुका दाखवल्या, सगळा पुरावा नव्याने तपासला आणि खून शाबीत असल्याचा निष्कर्ष काढला. न्यायमूर्ती नाईक यांनी मार्गदर्शनाच्या चुकांपेक्षा दुसऱ्या आधारावर भर दिला, तो म्हणजे असा कौल कोणीही समंजस व्यक्ती देणार नाही. गुन्हा खुनावरून खाली आणण्याजोगे काही नाही, यावर दोघांचेही एकमत होते. 11 मार्च 1960 रोजी नानावटींना जन्मठेपेची शिक्षा झाली.

भार कोणावर

ज्यूरीला चुकीचे मार्गदर्शन झाले म्हणजे नेमके काय झाले? सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शाबितीच्या भाराचा होता, आणि माझ्या मते या खटल्याचे खरे मोल इथेच आहे, प्रक्षोभाच्या चर्चेपेक्षाही जास्त.

आरोपी निर्दोष आहे असे गृहीत धरून खटला सुरू होतो आणि गुन्ह्याचा प्रत्येक घटक वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ऐकून माहीत असते. मात्र पुराव्याच्या कायद्याचे त्या वेळचे कलम 105 आणखी एक गोष्ट सांगते. माझे कृत्य कायद्याने मान्य केलेल्या अपवादात बसते असे आरोपीला म्हणायचे असेल, तर तो अपवाद लागू होण्याची परिस्थिती दाखवण्याचा भार आरोपीवर आहे, आणि ती दाखवली जाईपर्यंत न्यायालय अशी परिस्थिती नव्हती असेच गृहीत धरेल. अपघाताचे कलम 80 अशाच अपवादांपैकी एक आहे. त्याचा आधार घेणाऱ्याला ‘चुकून झाले’ एवढे सांगून भागत नाही. कृत्य कायदेशीर होते, कायदेशीर रीतीने आणि कायदेशीर साधनांनी केले होते, योग्य ती काळजी व सावधगिरी घेतली होती, आणि कोणताही गुन्हेगारी उद्देश नव्हता, हे सर्व पुराव्यातून निघाले पाहिजे. सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला सरकार पक्षाचा भार समजावून सांगितला, पण कलम 105 चे गृहीतक सांगितले नाही आणि कलम 80 चे घटकही उलगडून दाखवले नाहीत. खोटे कारण सांगून मिळवलेले भरलेले शस्त्र घेऊन दुसऱ्याच्या खोलीत शिरणाऱ्या माणसाची ‘योग्य सावधगिरी’ कशी ठरवायची, हा प्रश्न त्यामुळे ज्यूरीपुढे कायद्याच्या भाषेत आलाच नाही.

मग हे दोन भार एकमेकांना छेदतात का? ही गाठ सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी सोडवली, आणि त्यांचे विवेचन आजही फौजदारी वकिलीतले नित्याचे भांडवल आहे. सरकार पक्षावरचा मूळ भार कधीही हलत नाही. आरोपीवरचा भार अपवादापुरता असतो आणि तो सरकार पक्षाइतका जड नसतो. एखाद्या सुज्ञ माणसाला ती परिस्थिती संभवनीय वाटेल एवढा पुरावा पुरतो. आणि समजा आरोपीला तेवढेही जमले नाही, तरीही त्याने आणलेल्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या एखाद्या मूळ घटकाविषयी, उदाहरणार्थ ठार मारण्याच्या उद्देशाविषयी, वाजवी संशय निर्माण झाला, तर संशयाचा फायदा त्याला मिळालाच पाहिजे. म्हणजे अपवाद सिद्ध करण्यात आरोपी हरला म्हणून सरकार पक्ष आपोआप जिंकत नाही. अपघातासारख्या बचावात हे विशेष लागू पडते, कारण अपघात आणि उद्देश या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

या कसोटीवरही नानावटींचा बचाव टिकला नाही. न्यायालयाने बंद खोलीतल्या वस्तूंना आणि शरीरावरच्या खुणांना बोलते केले. झटापट झाली असती तर कमरेला नुसता गुंडाळलेला टॉवेल सुटून पडण्याची शक्यता दाट होती, प्रत्यक्षात तो आहुजांच्या अंगावर जसाच्या तसा होता. छाती, हाताची बेचकी आणि डोके या तीन ठिकाणच्या जखमांचा समोरासमोरच्या झटापटीशी मेळ बसत नव्हता. आणि गोळ्या अपघाताने सुटल्या असतील, तर त्या घरातल्या माणसांना, बहिणीला, नोकरांना तसे सांगावे असे एका जबाबदार अधिकाऱ्याला वाटले असते. नानावटींनी तसे काही सांगितले नाही.

त्यांनी जे सांगितले ते वेगळेच होते. आहुजांचे माझ्या पत्नीशी संबंध होते म्हणून मी त्यांना मारले, अशा अर्थाचे बोलणे त्यांनी चौकीदाराजवळ केले. प्रोव्होस्ट मार्शलजवळ, मी एका माणसावर गोळी झाडली आहे असे ते बोलले. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा आपल्या कायद्यातला जुना आणि शहाणपणाचा नियम आहे, कारण ती कशी मिळवली गेली याची खात्री देता येत नाही. चौकीदार किंवा नौदलाचा अधिकारी हे मात्र पोलीस नव्हेत. त्यांच्याजवळ स्वेच्छेने केलेले विधान ही न्यायालयबाह्य कबुली ठरते, आणि साक्षीदार विश्वासार्ह वाटला तर ती पुराव्यात येते. एकाच दुपारी एकाच माणसाने तीन ठिकाणी तोंड उघडले, आणि ऐकणारा कोण होता यावर त्या बोलण्याचे पुराव्यातले मोल ठरले.

तीन तास

प्रक्षोभाचा पर्यायी बचाव सर्वोच्च न्यायालयाने गांभीर्याने घेतला. न्या. एस. के. दास, न्या. सुब्बा राव आणि न्या. रघुबर दयाल यांच्या पीठाने 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिलेल्या निकालात त्याची कसोटी घालून दिली. आरोपी ज्या समाजातला आहे त्याच समाजातला एखादा समंजस माणूस त्याच परिस्थितीत सापडला असता तर त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला असता का, हे पाहायचे. प्रत्यक्ष कृतीच हवी असे नाही, आपल्या देशात शब्द आणि हावभावही काही परिस्थितीत प्रक्षोभक ठरू शकतात. मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी अवस्था झाली असेल तीही लक्षात घेता येते. ही कसोटी आरोपीला पुष्कळच अनुकूल आहे, आणि पत्नीने दिलेल्या कबुलीने नानावटींचा तोल गेला असणार, हे मानायला न्यायालय तयार होते.

अडचण पुढच्या अटीची होती. प्राणघातक वार त्या प्रक्षोभातूनच झालेला असला पाहिजे, मधल्या काळात राग निवून विचार करायला अवसर मिळालेला नसावा. नानावटींनी दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले आणि गोळ्या 4.20 च्या सुमारास झाडल्या गेल्या. हे अंतर न्यायालयाने तीन तासांचे धरले. कुटुंबाला सिनेमाला पोचवणे, नौकेवर जाणे, भांडारात बनावट कारण सांगून शस्त्र मिळवणे, ते पाकिटात घालणे, आधी कार्यालयात आणि तिथे माणूस न मिळाल्यावर घरी जाणे, या प्रत्येक पायरीवर काही ना काही ठरवावे लागले होते. भान हरपलेल्या माणसाला अहमदनगरच्या रात्रीच्या प्रवासाची सबब सुचत नाही, असेच न्यायालयाच्या तर्काचे सार काढता येईल. पत्नी आणि मुले यांच्या भवितव्याचा विचारही त्यांनी त्या दरम्यान केला होता, हे बचावानेच मांडले होते, आणि तेच बचावाच्या अंगाशी आले. अपील फेटाळले गेले, जन्मठेप कायम झाली.

अपील युक्तिवादाचा आणखी एक भाग कलम 307 बद्दल होता. मार्गदर्शनात चूक नसेल तर उच्च न्यायालयाला पुराव्यात शिरता येणार नाही, असे नानावटींच्या वतीने म्हटले गेले. ते मान्य झाले नाही. निर्देश योग्य असेल तर उच्च न्यायालयाने संपूर्ण पुरावा पाहायचा, न्यायाधीश आणि ज्यूरी या दोघांच्याही मतांना योग्य ते वजन द्यायचे आणि स्वतःचा निर्णय घ्यायचा, असे ठरले.

राजभवनातून आलेला आदेश

मधल्या काळात एक वेगळाच घटनात्मक पेच उभा राहिला होता. 11 मार्च 1960 रोजी उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद 161 खाली आदेश काढून, सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित केली आणि नानावटींना नौदलाच्या ताब्यात ठेवावे असे सांगितले. अटकेचे वॉरंट न बजावता परत आले. सर्वोच्च न्यायालयाचा नियम मात्र असा होता की, कारावासाची शिक्षा झालेल्या अर्जदाराने आधी शरण जावे, अन्यथा न्यायालयाने सूट दिल्याशिवाय त्याचा अर्ज सुनावणीला लागणार नाही.

5 सप्टेंबर 1960 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. बहुमतात सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्यासह प्र. बा. गजेंद्रगडकर होते, न्यायमूर्ती जे. एल. कपूर यांचे मत वेगळे होते. राज्यपालांचा क्षमा करण्याचा अधिकार व्यापक आहे आणि तो केव्हाही वापरता येतो. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे विचाराधीन असताना त्याच काळापुरती शिक्षा स्थगित करण्याचा प्रश्न न्यायालयाच्या अखत्यारीतला आहे, तिथे दोन हुकूम एकमेकांवर चालू शकत नाहीत, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कपूर यांना राज्यपालांच्या अधिकाराला अशी काळाची मर्यादा घालणे मान्य नव्हते. या दोन सुनावण्यांच्या शीर्षकांतही एक गंमत आहे. 1960 चे प्रकरण मुंबई राज्याविरुद्ध नोंदलेले आहे आणि 1961 चे महाराष्ट्र राज्याविरुद्ध, कारण पहिले प्रकरण सुरू झाले तेव्हा मुंबई राज्यच होते, महाराष्ट्र 1 मे 1960 ला अस्तित्वात आला.

ज्यूरी आणि माफी

ज्यूरीचा अंत या खटल्याने झाला, या समजुतीत तथ्य किती? मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी रद्द करण्याची शिफारस 1958 सालीच केली होती, म्हणजे आहुजांच्या मृत्यूच्या आधी. नानावटी खटल्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालत राहिले, आणि ती पद्धत पुसली गेली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, जी 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. या खटल्याने ज्यूरीविरोधी मताला एक लोकांच्या लक्षात राहणारे उदाहरण दिले, इतके मात्र नक्की. ‘ब्लिट्झ’सारख्या साप्ताहिकाने उघडपणे नानावटींची बाजू लावून धरली होती, आणि असे वातावरण तापलेले असताना कारणे न देणारे नऊ नागरिक कौल देणार, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी होती.

नानावटी प्रत्यक्षात सुमारे तीन वर्षेच तुरुंगात राहिले. 1964 साली महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. आयात परवान्यांच्या गैरवापराच्या प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनाही त्याच वेळी माफी मिळाली, आणि पारशी व सिंधी या दोन्ही समाजांतला (नानावटी पारशी होते, आहुजा सिंधी) तणाव सावरण्यासाठी हा जोडनिर्णय झाल्याचे त्या काळापासून बोलले जाते. आहुजांच्या बहिणीनेही माफीला लेखी संमती दिली होती. अनुच्छेद 161 खालचा अधिकार या वेळी निर्विवाद होता, कारण आता प्रकरण कोणत्याही न्यायालयापुढे प्रलंबित नव्हते. माफीने उरलेली शिक्षा भोगावी लागत नाही, न्यायालयाने नोंदवलेला दोषसिद्धीचा निष्कर्ष त्यामुळे उलटत नाही. नानावटी 1968 साली कुटुंबासह कॅनडाला गेले आणि 2003 साली तिथेच वारले.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. खुनाची व्याख्या आणि प्रक्षोभाचा अपवाद आता तिच्या कलम 101 मध्ये, खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आणि अपघाताचा बचाव कलम 18 मध्ये आहे. अपवाद दाखवण्याचा आरोपीवरचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 108 मध्ये गेला आहे. या तरतुदींचा गाभा तोच राहिल्याने, आरोपी अपघात किंवा प्रक्षोभ पुढे करतो तेव्हा सत्र न्यायालयांतल्या युक्तिवादात 1961 च्या या निकालाचा हवाला आजही दिला जातो.